कांद्याची गोणी आणि बजाज टेम्पो

राळेगणसिद्धीबद्दल लिहिताना आपण सगळे पाण्यापाशी थांबतो. सैन्यात गाडी चालवलेले अण्णा हजारे 1975 साली गावी परतले, नालाबांध झाले, पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आलं. पण पाण्याने पीक येतं. त्याचे पैसे व्हायचे तर माल बाजारात पोचावा लागतो. गावाने उसासारख्या पाणीखाऊ पिकाला नकार दिला, त्या निर्णयाची ही बाजू फारशी कुणी पाहिली नाही. उसाला तोड आणि वाहतूक कारखाना लावून देतो. कांदा, भाजी, दूध यांची सोय मात्र ज्याची त्यालाच बघावी लागते. थोडक्या गोण्यांसाठी अख्खा ट्रक परवडत नाही, आणि बैलगाडी गावाजवळच्या वाडेगव्हाण फाट्यावरून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात वेळेत पोचत नाही.

ही मधली जागा ज्या गाडीने भरून काढली, तिच्यामागचा माणूस राळेगणच्याच जिल्ह्यातला, नगरचा होता. नवलमल फिरोदिया. वडील कुंदनमल फिरोदिया नगरचे नामांकित वकील, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. मुलगा स्वातंत्र्यलढ्यात उतरला आणि नंतर कारखानदारीत. माणसाने माणसाला ओढून नेणं थांबावं म्हणून ऑटोरिक्षा रस्त्यावर आणायला धडपडलेल्यांत ते पुढे होते. 1958 मध्ये त्यांनी हॅम्बर्गच्या विडाल कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. आधी गोरेगाव, मग पुण्याजवळ आकुर्डी.

पहिली गाडी तीनचाकी हॅन्सियाट. तिचं इंजिन थेट पुढच्या चाकावर बसवलेलं. हँडल वळलं की चाकाबरोबर इंजिनही वळे. ओढही त्याच चाकाची, त्यामुळे मागचा हौदा सपाट आणि जमिनीलगत राही, गोणी चढवायला सोपा. 1969 साली चारचाकी मॅटाडोर आली. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती मालकीची. कर्ज काढून एक गाडी घेणारा पोरगा गावातच वाहतूकदार झाला, आणि शेतकऱ्याला भाड्यासाठी शहराच्या तोंडाकडे बघावं लागेना.

दोषही सांगितला पाहिजे. परवान्यांच्या काळात गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं, म्हणून गाडी सुधारायची घाई कुणालाच नव्हती. मॅटाडोर तीसेक वर्षं जवळपास त्याच अंगाने धावली.

जर्मनीत साठच्या दशकात टेम्पो बनवणारी विडाल कंपनी हानोमागकडे गेली, पुढे डेम्लर-बेंझकडे, आणि तिथल्या गाड्यांवरून टेम्पो हे नाव उतरलं. आपल्याकडे 2005 मध्ये बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली. आजही आपण कुठल्याही कंपनीच्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो, पण नाव टिकलं म्हणून वारसा जपला गेला असं मी मानत नाही. नगर शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि ते असायलाच हवं. शेतमाल वाहणाऱ्या गाडीला मात्र जिल्ह्याने तसा मान दिलेला नाही.

पारनेर, श्रीगोंदा, संगमनेरकडे कुणाच्या गोठ्यामागे जुनी हॅन्सियाट किंवा मॅटाडोर उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. आधी गावच्या शाळेला किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजला विचारा.