उतारशाळेचा रक्षक

सलग सहा रविवार उपासनेला न दिसलेली आमच्या मंडळीतील एक मुलगी सातव्या रविवारी दुपारी माझ्या दारात उभी राहिली. मच्छे गावातली ही मुलगी लहानपणी माझ्याच शब्बाथ शाळेत बसत असे. तीन वर्षांचे नर्सिंगचे शिक्षण पुरे करून तिने बेळगाव शहरातील एका रुग्णालयात नुकतीच नोकरी धरली आहे. रात्रपाळी संपवून, पिरनवाडीवरून येणाऱ्या बसने ती सकाळी साडेनऊला घरी पोहोचली होती. आमची उपासना त्याच वेळी सुरू होते. डोळ्यांत झोप होती, तरी ती झोपली नव्हती.

"बाई, एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "पगार घेऊन केलेली सेवा देवाच्या हिशेबात सेवा म्हणून धरली जाते का?"

प्रिय वाचकहो, शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्यांना एक खोड असते. प्रश्न पुरता ऐकून घेण्याआधीच आमच्या जिभेवर एखादे वचन येऊन बसते. मीही तिला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाची आठवण करून दिली. प्रभूने आजाऱ्याची विचारपूस ही स्वतःची विचारपूस मानली आहे, तेव्हा तू काळजी का करतेस, असे म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण बाई, त्या लोकांना महिन्याच्या अखेरीस पगार मिळत नव्हता. आणि आपण कुणाची सेवा केली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. माझ्या तर सगळं लक्षात असतं. पहाटे चार वाजता माझ्या मनात प्रेम नसतं. घड्याळ असतं, आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता असतो."

या उत्तरापुढे माझे वचन पांगळे पडले, हे मला कबूल केले पाहिजे.

मग तिने त्या आठवड्यातील एका रात्रीची हकीकत सांगितली. खानापूरकडची एक म्हातारी खुब्याचे हाड मोडून तिच्या वॉर्डात पडून होती. अंगात साखर, कूस बदलण्याची ताकद नाही. अशा रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचेवर दाब पडून कातडी मरते व जखम होते. ती जखम कित्येक महिने भरत नाही. त्या रात्री बावीस रोगी होते. त्यांना सांभाळायला ही मुलगी आणि एक मावशी, एवढ्या दोघीच. म्हातारी दर पाच-दहा मिनिटांनी हाक मारी, "बाय, जरा पानी दी गे." दहा वेळा तिने पाणी दिले. अकराव्या वेळी ती खेकसली. मग दोन वाजता अपघाताचे दोन रोगी एकदम आले. त्या धांदलीत म्हातारीला वळवायचे राहून गेले. आणि चार वाजता तक्ता भरताना दोनच्या रकान्यातही तिने बरोबरची खूण केली. चारला वळवले ते खरे होते, दोनचे मात्र खोटे. पाच वाजता तिने म्हातारीचे अंग पुसले, चादर बदलली. तेव्हा म्हातारीने तिचा हात धरून म्हटले की देवानेच तुला माझ्यासाठी पाठवले. त्याच वेळी हिला तिच्या टाचेवरचा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी तो फिका होत नव्हता.

"आता सांगा, ही सेवा का?"

खरा प्रश्न हा होता. पगाराचा प्रश्न त्याच्या दारात उभा होता, एवढेच. मी तिला चहा करून दिला आणि आपण आधी दाराशी उभ्या असलेल्या प्रश्नाचे पाहू, असे म्हटले.

शब्बाथ शाळेत चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी निदान वीस वेळा शिकवला असेल. माझ्याकडे फ्लॅनेलग्राफची जुनी चित्रे आहेत. लुटारू आहेत, अर्धमेला प्रवासी आहे, याजक आहे, लेवी आहे, शोमरोनी आणि त्याचे जनावरही आहे. उतारशाळेचे फक्त दार आहे. त्या दारात कोणी माणूस नाही. चित्रे काढणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही, आणि इतक्या वर्षांत ती मलाही वाटली नव्हती.

पण लूकच्या दहाव्या अध्यायातील तो दाखला सावकाश वाचा. शोमरोनी उतारशाळेत किती काळ राहिला? एक रात्र. दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघून गेला. जाताना त्याने रक्षकाच्या हाती चांदीची दोन नाणी ठेवली. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावरून पाहिले तर ही सुमारे दोन दिवसांची मजुरी होते. अर्धमेला माणूस दोन दिवसांत उठून चालू लागत नाही. ज्या रात्री त्याला ताप चढला असेल, ज्या सकाळी घाण झालेली पट्टी सोडवावी लागली असेल, त्या सर्व दिवसांत त्याच्यापाशी शोमरोनी नव्हता, उतारशाळेचा रक्षक होता. आणि तो पैसे घेऊन हे करीत होता.

मूळ ग्रीक भाषेत एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. शोमरोन्याने जखमी माणसाची काळजी घेतली असे सांगताना लूक जे क्रियापद वापरतो, तेच पुढच्या ओवीत रक्षकाला केलेल्या विनंतीत येते. दयेने घेतलेली काळजी आणि मोबदला घेऊन घेतलेली काळजी यांना शास्त्राने दोन वेगळे शब्द दिलेले नाहीत. तसेच 'उतारशाळा' यासाठी तिथे जो शब्द आहे, त्याचा धात्वर्थ 'सर्वांना आत घेणारी जागा' असा होतो. बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर कन्नड बोलणारा, दुसरीवर मराठी, तिसरीवर गोव्याहून आलेला कोकणी बोलणारा रोगी असतो. ही मुलगी घरी मराठी बोलते, पण रोग्याच्या तोंडचे 'नोवु' ऐकले की कुठे दुखते हे कन्नडमध्येच विचारते. सीमेचा वाद 1956 पासून चालू आहे. दुखणाऱ्या माणसाला पाणी देण्याआधी तो सोडवून घ्यावा, असे मात्र कोणत्याही नर्सला परवडत नाही.

यावर माझ्याच मनात एक आक्षेप आला. तू जाऊन तसेच कर असे जे प्रभूने सांगितले, ते शोमरोन्याविषयी होते. रक्षकाची स्तुती त्याने केलेली नाही. हे खरे आहे. शिवाय योहानाच्या दहाव्या अध्यायात मोलकरी मेंढपाळाविषयी तो कडक बोलला आहे. पण तो कशासाठी? मोल घेतो म्हणून नव्हे. लांडगा आला की मेंढरे टाकून पळतो म्हणून. आणि दाखल्याच्या त्याच अध्यायात, आरंभी, शिष्यांना गावोगाव पाठविताना प्रभूने त्यांना सांगितले आहे की ज्या घरी राहाल तिथे मिळेल ते खा-प्या, कारण श्रम करणाऱ्याचा त्यावर हक्क आहे. पौलाने स्वतः तंबू शिवून पोट भरले आणि मोबदला सोडून दिला, पण करिंथकरांना लिहिताना मोबदल्याचा हक्क त्याने आधी नीट सिद्ध केला, मगच तो सोडला. आपले पाळकही वेतन घेतात. त्यांच्या प्रार्थनेला आपण त्यामुळे खोटी म्हणत नाही. (वेतन वेळेवर देत नाही, ही गोष्ट निराळी.)

इतिहासही हेच सांगतो. 1854 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल 38 स्त्रिया घेऊन युद्धभूमीच्या रुग्णालयाकडे निघाल्या. त्यांपैकी 14 जणी रुग्णालयांत पगारावर काम करणाऱ्या परिचारिका होत्या, बाकीच्या धर्मसंघांतून आलेल्या. नाइटिंगेलबाईंना स्वतःला पगाराची गरज नव्हती, वडील त्यांना वर्षाला 500 पौंड देत. तरी 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून शाळा निघाली, ती पगारावर काम करणाऱ्या, शिकलेल्या परिचारिका तयार करण्यासाठी. नुसता कळवळा रोग्याला पुरत नाही, हे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस 1889 साली हिंदुस्थानात आल्यानंतर काही वर्षांतच, 1894 साली, रुग्णालय उभे राहिले, आणि पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. परक्याची घाण काढणे हे काम त्या काळी पुष्कळ घराण्यांना विटाळाचे वाटे. म्हणून कितीतरी वर्षे या देशातील बहुसंख्य परिचारिका ख्रिस्ती होत्या. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकींनी त्या पगारावर भावंडांना शिकवले. त्यांना कोणी विचारले नाही की ही सेवा की नोकरी.

पगाराशिवाय केलेल्या सेवेचे मोल मी कमी करीत नाही. 1897 च्या प्लेगात पुण्याला सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाने गेल्या. त्यांना कोणी मजुरी दिली नव्हती. पण 'सेवा' हा शब्द पुढे करून पगार कापणारे मालकही मी पाहिले आहेत, आणि त्यात प्रार्थनेने दिवस सुरू करणारेही आहेत. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2016 साली नेमलेल्या समितीने शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, आणि 200 हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके असावे. शिफारसी राज्यांकडे गेल्या. त्या किती पाळल्या जातात, हे आपापल्या मंडळीतील नर्स झालेल्या मुलींनाच विचारावे. शोमरोन्याने रक्षकाला असे सांगितले नाही की हे पुण्यकर्म आहे, तेव्हा पैसे कशाला. उलट अधिक खर्च झाला तर तोही देईन, असे म्हणाला.

आता मनात प्रेम नसते, या तिच्या दुःखाकडे येऊ. रात्री तिसऱ्यांदा रडणाऱ्या तान्ह्या मुलाला उचलणाऱ्या आईच्या मनात त्या क्षणी काय असते? चीड असते. तरी ती उठते. ते उठणे प्रेमच आहे, असे मला वाटते. भावना दमते, कारण ती शरीरातच राहते. अकराव्या हाकेला ती खेकसली, आणि तरी बाराव्या हाकेला पाणी घेऊन गेली. ते बारावे भांडे मी प्रेमाच्या खाती जमा करीन. खेकसल्याबद्दल म्हातारीची क्षमा मागायला मात्र काहीच हरकत नव्हती, आणि तिने ती मागितलीही होती.

राहिली ती दोनच्या रकान्यातील खूण. इथे मी तिला सांत्वनाचे बोलले नाही. बावीस रोग्यांमागे एक नर्स ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो तिचा नव्हे. पण खोटी खूण तिची होती. ही दोन्ही सत्ये एकमेकांना पुसत नाहीत. वळवणे राहून गेले ही माणसाची मर्यादा. ते झाले असे लिहिणे हे दुसरेच काही. कारण सकाळी येणारी नर्स त्या खुणेवर विसंबून टाच पाहणार नाही. रकाना रिकामा असता तर तो ओरडून सांगू शकला असता.

शोमरोन्याने रक्षकाकडून पावती घेतली नाही. खर्चाचा आकडा रक्षकच सांगणार होता. रात्री त्या खोलीत दिवा लावला की नाही, पट्टी बदलली की नाही, हे त्या दोघांशिवाय कोणी पाहणार नव्हते, आणि त्यांतला एक जण बेशुद्ध होता. पगारी सेवेची परीक्षा मला इथे दिसते. पैसे घेतले की नाही, मन भरून आले की नाही, यात ती नाही. कोणी पाहत नसता रकान्यात काय लिहिले, यात आहे.

मी हे बोलत असताना ती मान खाली घालून बसली होती. मग म्हणाली, "मी सकाळीच इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, बाई. दोनची खूण खोटी आहे म्हणून. त्या रागावल्या. मग माझ्याबरोबर खाटेपाशी आल्या, टाचेखाली उशी दिली आणि तक्त्यावर खरं काय ते माझ्याच हातून लिहून घेतलं. डाग आता उतरलाय."

म्हणजे माझ्या अर्ध्या व्याख्यानाची गरजच नव्हती. तिला हवे होते ते वेगळेच. म्हातारीचे ते शब्द आपण घ्यावेत की परत करावेत, एवढेच तिला कळत नव्हते. मी म्हटले, म्हातारीने तुझा तक्ता तपासून काही म्हटले नाही. तिने पाण्याबद्दल आणि कोरड्या चादरीबद्दल म्हटले, आणि ते दोन्ही खरे होते. ती हसली नाही, पण चहाचा दुसरा कप तिने घेतला.

उपासनेला न येण्याविषयी मंडळीत कोणी काही बोलले होते, तेही तिने जाता जाता सांगितले. शब्बाथ दिवशी वाकलेल्या बाईला सरळ उभे करणाऱ्या प्रभूची गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि शब्बाथ दिवशी रोग्याला कुशीवर वळवणाऱ्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरी लिहितो. पंच मंडळाने याचा विचार करावा.

त्यापुढच्या रविवारी मी जाड कागदावर एक माणूस काढला, मागे फ्लॅनेलचा तुकडा चिकटवला आणि उतारशाळेच्या दारात त्याला उभा केला. चित्र फारसे चांगले जमले नाही. मुलांना मी सांगितले की शोमरोनी सकाळी निघून गेला, आणि पुढचे सारे दिवस या माणसाने जखमी प्रवाशाला पाणी दिले, पट्ट्या बदलल्या, रात्री उठून पाहिले. दुसऱ्या बाकावरचा एक लहान मुलगा बराच वेळ चित्राकडे बघत होता. मग त्याने विचारले, "बाई, मग तो झोपला कधी?"