हक्क नागरिकाचा की माणसाचा?

व्हिल्मा सोकोरो मार्टिनेझ यांचा जन्म १९४३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात, एका मेक्सिकन-अमेरिकन सुताराच्या घरी झाला. नागरी हक्कांच्या वकील म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि २००९ ते २०१३ या काळात त्या अर्जेंटिनात अमेरिकेच्या राजदूत होत्या. या पदावर नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री. राज्यविचारातला एक जुना प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत वारंवार समोर आला : न्याय मागण्याचा अधिकार माणसाला राज्याचा नागरिक म्हणून मिळतो, की केवळ माणूस म्हणून?

या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तरे दिली गेली आहेत. सर्व माणसे एकाच विश्वनगरीची रहिवासी आहेत, असे प्राचीन ग्रीस आणि रोममधले स्टोइक विचारवंत मानत. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी १९५१ मध्ये याच्या उलट अनुभवाकडे बोट दाखवले. दोन महायुद्धांच्या दरम्यान ज्यांचे नागरिकत्व गेले, त्यांच्यापाशी माणूसपणाखेरीज काही उरले नव्हते आणि नेमक्या त्याच वेळी मानवी हक्क त्यांच्या उपयोगी पडले नाहीत. हक्कांची हमी द्यायला एखादे राज्य पाठीशी लागते, असा याचा अर्थ होतो.

टेक्सासमधल्या मेक्सिकन समाजापुढे हा पेच १९२७ मध्येच आला होता. हार्लिंगन येथील परिषदेत नव्या संघटनेचे सभासदत्व फक्त अमेरिकन नागरिकांना द्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांत अलोन्सो पेरालेस हे वकील होते. मतदार असलेल्यांचेच सरकार ऐकते, हा त्यामागचा हिशेब. मेक्सिकोचे नागरिक असलेले प्रतिनिधी सभा सोडून गेले. दोन वर्षांनी कॉर्पस क्रिस्टी येथे स्थापन झालेल्या ‘लुलॅक’ या संघटनेने नागरिकत्वाची हीच अट स्वीकारली. पेरालेस पुढे सॅन अँटोनियोत निकाराग्वाचे महावाणिज्यदूत झाले. मेक्सिकन वंशाच्या लोकांना हॉटेलांत आणि दुकानांत कसे नाकारले जाते, याची शपथपत्रे जमवून १९४८ मध्ये त्यांनी पुस्तक छापले. दारात अडवताना कोणी नागरिकत्वाचा दाखला पाहत नव्हते. याच पेरालेस यांच्या कचेरीत पंधरा वर्षांच्या मार्टिनेझ यांनी काम केले.

शाळेतल्या समुपदेशकाने मार्टिनेझ यांना धंदेशिक्षणाकडे वळण्याचा सल्ला दिला होता. तो बाजूला सारून त्यांनी ऑस्टिन येथे पदवी घेतली आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड’मध्ये त्यांनी ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यावर काम केले. ड्यूक पॉवर कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत वरचा पगारही इतर विभागांतल्या सर्वांत खालच्या पगाराहून कमी असे. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतल्या वंशभेदाला बंदी घालणारा कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी कंपनीने वरच्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी शालान्त प्रमाणपत्राबरोबर दोन लेखी चाचण्या लागू केल्या. नियम सर्वांना सारखाच होता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की नियमाचे शब्द निःपक्षपाती असले तरी तेवढ्याने भागत नाही. त्याचा परिणाम एका वंशावर जास्त होत असेल, तर त्या कामाला ती अट खरोखर लागते हे मालकाने दाखवले पाहिजे. समतेची परीक्षा हेतूवरून करायची की परिणामावरून, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले हे उत्तर होते.

१९७३ मध्ये मार्टिनेझ ‘माल्डेफ’ या मेक्सिकन-अमेरिकन कायदेविषयक संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. १९६५ च्या मताधिकार कायद्याचे संरक्षण १९७५ मध्ये स्पॅनिश भाषकांसह इतर भाषिक अल्पसंख्याकांना मिळाले, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. व्याप्ती वाढवायला गेल्यास मूळ कायदाच धोक्यात येईल, अशी धास्ती काही कृष्णवर्णीय नेत्यांना होती. ही लढाई मात्र नागरिकांसाठीच होती, कारण मताचा हक्क सभासदत्वातून येतो.

नागरिक नसलेल्यांचा प्रश्न प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात आला. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा बदलून, देशात रीतसर प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना मिळणारा राज्याचा पैसा थांबवला. टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलाकडून वर्षाला हजार डॉलर फी मागितली. चार कुटुंबांनी ‘माल्डेफ’च्या मदतीने दावा लावला. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी त्यांची नावे गुप्त ठेवू दिली आणि सुनावणी भल्या पहाटे ठेवली. तिथूनच आपल्याला देशाबाहेर काढतील या भीतीने पालक गाडीत सामान भरून आले होते.

अमेरिकेच्या घटनेतील चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण राज्याच्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येक व्यक्तीला दिले आहे, केवळ नागरिकांना नव्हे. भारतीय घटनेचे चौदावे कलमही याच धाटणीचे आहे. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी टेक्सासचा कायदा रद्द ठरवला. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मांडणीचा गाभा नीतिशास्त्रीय होता : सीमा ओलांडायचा निर्णय आईबापांचा, त्याची शिक्षा मुलांना देता येत नाही. अक्षरओळखही नसलेला कायमचा एक खालचा वर्ग तयार करणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हेही त्यांनी नोंदवले.

सरन्यायाधीश बर्गर यांचे भिन्नमतही हलके नव्हते. मुलांना निरक्षर ठेवणे हा मूर्खपणा आहे, हे त्यांना मान्य होते. पण शहाणपणाचे धोरण ठरवणे हे निवडून आलेल्यांचे काम आहे, न्यायाधीश म्हणजे प्लेटोच्या कल्पनेतले राज्यरक्षक नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या समूहात कोणाला घ्यायचे हे समूहानेच ठरवावे, ही भूमिका राजकीय विचारवंत मायकल वॉल्झर यांनीही पुढच्याच वर्षी मांडली. मात्र राज्यात राहून राबणाऱ्यांना कायम परके ठेवणे अन्यायाचे आहे, असेही त्यांनी बजावले.

वकील अन्याय झालेल्याची बाजू राज्यापुढे मांडतो. राजदूताला राज्याचीच बाजू मांडावी लागते. फेब्रुवारी २०११ मध्ये एसेइसा विमानतळावर अर्जेंटिनाने अमेरिकन हवाई दलाच्या विमानातले सामान जप्त केले, तेव्हा त्या वादात मार्टिनेझ अमेरिकेच्या प्रतिनिधी होत्या. आयुष्यभर सत्तेला जाब विचारणाऱ्या व्यक्तीने सत्तेची प्रतिनिधी व्हावे, यात वरवर विसंगती वाटते. पण आरेंट यांचे निदान खरे मानले, तर हक्क राज्यामार्फतच प्रत्यक्षात येतात आणि राज्याच्या आत जाऊन काम करणे हा हक्कांशी द्रोह ठरत नाही. शिवाय अर्जेंटिनाच्या १८५३ च्या घटनेची प्रस्तावना तिथे राहू इच्छिणाऱ्या जगातल्या सर्व माणसांना उद्देशून आहे आणि २००४ च्या स्थलांतर कायद्यानुसार कागदपत्रे नसली तरी मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. टेक्सासमध्ये जे एका मताच्या फरकाने मिळाले, ते तिथे विधिमंडळाने स्वतःहून दिले होते.

या साऱ्यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे असे दिसते. मतदान आणि सत्तेतला वाटा हे सभासदत्वाचे हक्क आहेत व ते नागरिकांपुरते राखण्यात अन्याय नाही. शिक्षण, न्यायालयात दाद आणि अन्याय्य शिक्षेपासूनचे संरक्षण मात्र कायद्याच्या कक्षेत असलेल्या प्रत्येकाला मिळाले पाहिजे, कारण ज्याला कायदा पाळायला लावला जातो त्याला कायद्याने वाऱ्यावर सोडता येत नाही. पेरालेस यांच्या पिढीने पहिल्या पायरीवर भर दिला, मार्टिनेझ यांनी दोन्ही पायऱ्यांवर काम केले. दुसरी पायरी नाकारणारे राज्य आपल्या नागरिकांच्या हक्कांनाही केवळ सवलतीच्या पातळीवर आणून ठेवते.