जिना कोणाचा

"फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." पुण्यात नारायण पेठेच्या आसपास कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला की हे वाक्य फार सहज कानावर पडतं. त्यात एखादं अख्खं पुस्तक बुडू शकतं, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

केसरीवाड्यापासून अप्पा बळवंत चौकापर्यंतच्या बोळांत, जिन्याखालच्या आणि मागच्या अंगाच्या खोल्यांत, अजूनही डीटीपी करणारी माणसं बसतात. दिवाळी अंक, क्लासच्या नोट्स, संस्थांच्या स्मरणिका, निवृत्त मास्तरांनी पदरमोड करून छापलेली आत्मचरित्रं, असं त्यांचं काम. यातलं जुनं सगळं पेजमेकरमध्ये आहे, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. सोबतचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. ते नसतील तर फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमीड दिसते. ही सगळी जुळणी एका विंडोजवर वर्षानुवर्षं बसलेली असते. ती नव्यानं करायला लागणारी सीडी कुठल्या कपाटात आहे, ते कुणालाच धड आठवत नाही.

त्याच मशीनवर बऱ्याचदा लिनक्सही असतं. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलानं किंवा भाचीनं प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं. मग हळूहळू काकांनाही ते आवडायला लागतं: इनस्क्रिप्ट कळफलकानं थेट युनिकोड टाइप होतं, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवरही बरं चालतं. जुनं काम विंडोजवर, नवं लिनक्सवर. ड्युअल बूट हा हौशी पोरांचा खेळ समजला जातो, पण मला ती मराठी छपाईच्या दोन काळांना एका डब्यात नांदवायची व्यवहारी सोय वाटते. आणि ती सोय जेव्हा सकाळी सकाळी रुसते, तेव्हा ओळखीपाळखीत मला फोन येतो.

फोनवर नेहमी "अहो, दोन्ही उडालं" असंच सांगितलं जातं. उडालेलं जवळजवळ कधीच काही नसतं. वाड्यात दोन बिऱ्हाडं असली की भांडण खोल्यांवरून होत नाही, जिन्यावरून होतं, इथंही तसंच. विंडोज आपल्या जागी असतं, लिनक्स आपल्या जागी असतं, दोघांच्या मध्ये जो थोडासा सामाईक भाग आहे तिथं गडबड झालेली असते. म्हणून मी "काय झालं?" असं विचारतच नाही. त्याला उत्तर म्हणून नुसती काळजी ऐकू येते. मी विचारतो, "कुठवर येतं?"

कंपनीचं चिन्ह दिसतं का? मेनू येतो का? मेनूतून निवडल्यावर पुढं सरकतं का? या उत्तरांवरून निम्मं निदान होतं, कारण कॉम्प्युटर सुरू होणं म्हणजे एकानं दुसऱ्याला उठवत जाणं आहे. जुन्या बायोसच्या मशीनमध्ये डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइट्सचा. त्यातले 446 बाइट्स उठवणाऱ्या प्रोग्रामला, उरलेल्यात पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी दोन बाइट्सची खूण. तेवढ्या जागेत दोघं मावत नाहीत. जो शेवटी इन्स्टॉल झाला, त्याचं राज्य. नंतर विंडोज टाकलं की लिनक्सचा उठवणारा प्रोग्राम, म्हणजे ग्रब, पुसला जातो, हा अनुभव जुन्या लोकांना चांगला आहे. नव्या यूईएफआयच्या मशीनमध्ये ही मारामारी कमी झाली. एका लहानशा पार्टिशनमध्ये दोघांचे स्वतंत्र फोल्डर असतात, आणि आधी कुणाला हाक मारायची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. मेनू न येता थेट विंडोज सुरू झालं, तर बहुधा या यादीतला क्रम तेवढा बदललेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो वर-खाली केला की काम झालं. याला फॉरमॅट मारणं म्हणजे शुद्ध आळस, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्र्या मारुतीजवळच्या एका डीटीपीवाल्या काकांचं प्रकरण मात्र जुन्या पद्धतीच्या डिस्कवरचं होतं, आणि म्हणून जास्त रंगलं. काळ्या पडद्यावर एकच तक्रार: असं पार्टिशन नाही. खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. "कशाला हात लावला होता का?" असं विचारल्यावर आधी "छे, छे", मग थोड्या वेळानं, "एक रिकामा ड्राइव्ह होता, तो काल विंडोजमधून काढून टाकला." गोम तिथंच होती. अशा डिस्कच्या एक्स्टेंडेड भागातल्या पार्टिशनना ओळीनं क्रमांक असतात. मधलं एक काढलं की मागची सगळी एकेक पाऊल पुढं सरकतात. लिनक्स सहाव्या क्रमांकावर होतं, ते पाचवं झालं. ग्रब मात्र इमानेइतबारे सहाव्याचं दार शोधत होता. आणि विंडोजलाही तोच उठवणार असल्यामुळे विंडोजही अडकलं. दोन्ही 'उडालं' ते असं.

अशा वेळी तो काळा पडदा शत्रू वाटतो, पण तो बऱ्यापैकी बोलका असतो. 'एलएस' टाकलं की पार्टिशनची यादी देतो. एकेकात डोकावून बघायचं. ग्रबचा फोल्डर जिथं सापडेल ते लिनक्सचं घर. तो पत्ता सांगायचा, 'नॉर्मल' नावाचा भाग चढवायचा, की नेहमीचा मेनू समोर. काकांनी खुर्चीतून अर्धवट उठून विचारलं, "झालं?" झालं नव्हतं. ही फक्त त्या वेळेपुरती वाट होती. लिनक्समध्ये शिरून ग्रब पुन्हा बसवला आणि मेनूची यादी नव्यानं करून घेतली, तेव्हा पक्कं झालं. त्यातही एक मेख आहे: ग्रबच्या 2021 मधल्या 2.06 आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याचं काम मुळातच बंद ठेवलेलं असतं. लिनक्सच्या काही वितरणांमध्ये ते आपण चालू केलं नाही, तर यादीतून विंडोज गायब होतं आणि पुन्हा बोंब होते.

किरकोळ तक्रारींमधली मला सर्वांत आवडणारी तक्रार घड्याळाची. लिनक्सवरून विंडोजवर गेलं की वेळ साडेपाच तास मागं पडते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला पुण्याची वेळ समजतं. साडेपाचच तासांचा फरक दिसला, तर मदरबोर्डवरचा सेल बदलण्यात अर्थ नाही. दोघांपैकी एकाला समजवावं लागतं. तारीखच कित्येक वर्षं मागं गेली असेल, तर मात्र सेलच संपलाय. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्या दिवशी हे हमखास उघडकीला येतं, कारण एरवी बटण चालूच असल्यामुळे संपलेल्या सेलचा पत्ता लागत नाही.

कधी दोष आपल्याकडे नसतोच. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर जगभर अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स उठेना. ग्रबमधल्या 2022 सालच्या एका सुरक्षादोषावर उपाय म्हणून जुने बूटलोडर नाकारण्याचा नियम त्या अपडेटनं घातला. ड्युअल बूट असेल तिथं तो लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं. काही ठिकाणी ड्युअल बूट आहे हे ओळखताच आलं नाही. पडद्यावर काहीतरी फार गंभीर बिघडल्याचा संदेश येई आणि मशीन बंद पडे. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समधून तो नियम पुसायचा, असा तोडगा निघाला. पण त्या बटणाला हात लावण्याआधी विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का, हे बघावंच. असेल तर विंडोज पुढच्या खेपेला 48 अंकी किल्ली मागू शकतं, आणि ती किल्ली कुठल्या खात्यात आहे हे शोधताना भल्याभल्यांचा घाम निघतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. बूटला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं, आणि फाइली व फॉन्टचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर ते पार्टिशन अर्धवट झोपलेलं असतं. त्यावर काही लिहायला जायचं नाही, नुसतं वाचायचं. पत्र्या मारुतीच्या काकांना या वेळखाऊपणाचा कंटाळा आला होता. पण स्मरणिकांची यादी डिस्कवर उतरताना दिसली, तसे तेच सांगायला लागले, "ती बघा, ती संस्था आता राहिली नाही. यातली माणसंही गेली."

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यांचं मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. "मग काढूनच टाकू का ते?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुन्या फाइली युनिकोडमध्ये उतरवून होईपर्यंत राहू दे. आता इंटरनेट फक्त लिनक्सवर आहे. विंडोजमधलं वायफाय बंद केलंय आणि ते पेजमेकरपुरतंच उघडतात. रोज दुपारी एक जुनी फाइल उतरवायची असं ठरलंय, आणि सध्या जोडाक्षरं तपासायचं काम त्यांची भाची करते.