भोगाची मर्यादा : वत्सगुल्म आणि कारंजा

सुख भोगणे मोक्षाच्या आड येते का, या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे वाशीम जिल्ह्यात सापडतात.

पहिले वाशीमचे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथील राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण पारिजात आणतो, हा त्याचा विषय. पुढे इ.स. 900च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगराला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या या रूपकात्मक पात्रांचा गांधर्व विवाह येथेच लावून दिला. या परंपरेत काम हा पुरुषार्थ आहे, मात्र मोकाट नाही. ‘कामसूत्र’कार वात्स्यायनही धर्म आणि अर्थ यांना कामाच्या वर ठेवतो.

दुसरे उत्तर कारंजा लाडच्या दिगंबर जैनांचे. येथे भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंच्या, गाद्या होत्या आणि त्यांच्या मंदिरांनी हस्तलिखितांचे मोठे भांडार जपले. दिगंबरांच्या गृहस्थधर्माचा प्रमाणग्रंथ म्हणजे समंतभद्रांचा ‘रत्नकरंडक श्रावकाचार’. त्यानुसार एकदाच वापरता येतो तो भोग, जसे अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे वस्त्र. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, दोन्ही सोडायचे नसतात, त्यांचे परिमाण ठरवायचे असते. जेवण, वाहन, शय्या, तांबूल, दागिने, संगीत यांपैकी काय आणि किती काळ वर्ज्य, हे तो आधी ठरवतो. हा काळ एक दिवसाचा असो, पंधरवड्याचा किंवा ऋतूचा, ठरावीक मुदतीचा तो नियम. जन्मभराचा तो यम.

खरा कस परिमाण ठरवण्याच्या या व्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, लागतो. अति उपभोग हा दोष आहेच, पण भोगलेल्या सुखाची आठवण काढत राहणे आणि पुढच्या सुखाची तहान धरणे हेही दोषच. ताटातले संपले तरी मनातले चालू राहते, हे समंतभद्रांनी नेमके हेरले आहे. शृंगारकाव्याची तर स्मरण आणि उत्कंठा ही मुख्य सामग्री! वत्सगुल्माचे रसिक ज्याला आस्वाद म्हणतील, त्यातले बरेच काही कारंज्याच्या व्रतस्थाला अतिचार वाटेल. भोजनापेक्षा काव्य अधिक निरुपद्रवी, ही सोयीची समजूत येथे टिकत नाही.

तरीही जैनांनी काव्य टाकले नाही. 10व्या शतकात मान्यखेटला पुष्पदंताने अपभ्रंशात ‘णायकुमारचरिउ’ रचले. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती 1933 साली कारंज्याहून निघाली. त्याचा नायक नागकुमार हा जैन गणनेतल्या चोवीस कामदेवांपैकी एक. तो अनेक राजकन्यांशी विवाह करतो, राज्य भोगतो आणि शेवटी दीक्षा घेऊन मुक्त होतो. भोगाचे वर्णन करताना कवी हात आखडता घेत नाही. कथेला शांतरसाकडे वळवून तो त्या वर्णनाची मर्यादा आखतो.