शिडी मागायला आलेली शेजारीण

म्हातारं माणूस आणि तरुण पोर यांच्या मैत्रीच्या कादंबऱ्यांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. एक एकटा, तिरसट म्हातारा. एक हसरं, अवखळ पोर. शेवटी म्हातारा विरघळतो. आपले डोळे पाणावतात. मग पुस्तक मिटून आपण घरातल्या म्हाताऱ्यांना ‘गोळी घेतलीत का?’ एवढंच विचारतो.

फ्रेडरिक बॅकमन या स्वीडिश लेखकाची ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’ (२०१२) ही कादंबरीही वरवर त्याच साच्यातली. बायको गेल्यावर जगण्यात राम न उरलेला एकोणसाठ वर्षांचा ओव्ह आणि शेजारी राहायला आलेली, मूळची इराणची परवाने. मला ती आवडते ती परवानेमुळे. ती ओव्हची कीव करत बसत नाही. तिच्या घरच्यांना शिडी हवी असते, तिला दवाखान्यात पोचवायला कुणीतरी हवं असतं, गाडी शिकायची असते. ती सरळ मागते, तो कुरकुरत देतो. माया फार उशिरा येते. आधी कामं येतात.

आमच्या इंदुराला ही रीत अनोळखी नाही. विष्णू चिंचाळकरांचंच घ्या. जन्म १९१७चा, देवळालीकरांच्या चित्रशाळेचे विद्यार्थी, पुढे सगळ्यांचेच ‘गुरुजी’. चित्रकार म्हणून नाव झाल्यावर ते वाळक्या पानांत, सुक्या काटक्यांत, फेकून दिलेल्या वस्तूंत चेहरे आणि पशुपक्षी शोधू लागले, आणि या शोधात त्यांनी मुलांना सोबत घेतलं. यातली गंमत नीट पाहण्यासारखी आहे. एरवी मोठी माणसं मुलांना काही शिकवतात तेव्हा उत्तर मोठ्यांच्या खिशात आधीच असतं; मुलानं ते ओळखायचं. वाळक्या पानाचं तसं नाही. सत्तरीच्या माणसाला त्यात बदक दिसलं आणि सात वर्षांच्या मुलीला नवरी, तर खरं कुणाचं? वयाचा फायदा तिथे संपतो. उलट पोरीची नजर जास्त ताजी असण्याचीच शक्यता. दोघंही एकमेकांकडे नाही, पानाकडे बघत असतात, आणि माझ्या मते वयाचं अंतर ओलांडायला असं काहीतरी तिसरं मधे असावंच लागतं.

ते तिसरं फार गोड असायला हवं असंही नाही. १९४५-४६च्या रणजी हंगामात इंदूरच्या होळकर संघानं म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतकं! त्यातलं एक पन्नाशीच्या कर्नल सी. के. नायडूंचं; चंदू सरवटे आणि भाऊसाहेब निंबाळकर हे आणखी दोन शतकवीर त्यांच्या निम्म्या वयाचे. नायडूंची शिस्त कडक होती. खांद्यावर हात टाकून गप्पा मारण्यातले ते कप्तान नव्हेत. याला मैत्री म्हणायचं का? मी म्हणेन. त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांना तोंड देत एकमेकांसाठी धाव घेणारी माणसं आणखी काय असतात?

असंच तिसरं एका वर्तमानपत्रातही होतं. राहुल बारपुते मराठी, पण इंदूरच्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक. १९५५मध्ये त्यांच्या पत्रात राजेंद्र माथुर हा विशीतला तरुण जगाच्या राजकारणावर ‘अनुलेख’ हे सदर लिहू लागला. बारपुते तेव्हा स्वतःच जेमतेम तेहतीस वर्षांचे. ‘आधी चार पावसाळे बघ’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य तिथे चाललं असतं, तर ते सदर निघालंच नसतं. पुढे माथुर त्याच पत्राचे प्रधान संपादक झाले. कादंबरीत म्हातारा आधी जातो. इथे धाकटे माथुर १९९१मध्ये गेले, बारपुते १९९६मध्ये.

आज राजेंद्रनगर, लोकमान्यनगरातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं पुण्याला, बंगळुरूला आहेत. मागे राहिलेल्यांसाठी आपण सत्कार ठेवतो, शाल-श्रीफळ देतो, ‘ज्येष्ठांसाठी मनोरंजन’ म्हणून जुनी गाणी वाजवतो. हेतू चांगलाच. पण शाल पांघरलेल्या माणसाला कुणी ‘काका, हे तुमचं चुकतंय’ म्हणत नाही. आणि जिथे हे म्हणता येत नाही तिथे आदर असेल, सेवाही असेल, मैत्री मात्र नसते. दोष एकाच बाजूचा नाही. नातवानं मोबाइलमधलं काही दाखवलं की पुढची दहा मिनिटं ‘आमच्या वेळी’ ऐकावं लागणार, हे त्याला पाठ झालेलं असतं. मग तोही पेन्शनचा अर्ज भरून देतो आणि सटकतो.

अर्ज भरून द्यावाच. पण कधी आजीसोबत नाटकालाही जावं, सोबत म्हणून नव्हे, प्रेक्षक म्हणून. नाटक रटाळ होतं असं नातू म्हणाला आणि आजी भडकल्या, तर गाडी लगेच घराकडे वळवू नये. इंदुरात सराफ्यातला खाऊबाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. भुट्ट्याचा कीस खाता खाता भांडण पुरं करावं, आणि पैसे आजींना देऊ द्यावेत.