शहराचें हित म्हणजे कोणाचें हित?

गेलें वर्षभर मी नगररचना आणि नागर जीवन या विषयांवर सवडीप्रमाणें टिपणें लिहीत आलों. रस्ते, चाळी, बाजार, पदपथ असे विषय दर वेळीं निरनिराळे असत. परंतु लेखणी शेवटीं एकाच प्रश्नापाशीं येऊन अडे. 'सार्वजनिक हित' हा शब्द उच्चारून आपण जेव्हां एखादी वस्ती उठवितों, तेव्हां त्या वस्तींतील माणसें त्या 'सार्वजनिकां'त मोडतात कीं नाहीं? हा प्रश्न नगररचनेचा दिसला, तरी मूलतः तो नीतिशास्त्राचा आहे.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. १८९६ सालीं तेथें प्लेग आला, आणि १८९८ सालीं शहराच्या सुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तींत समुद्रावरील वारा खेळावा म्हणून ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्यास हवेशीर वसाहती आंखल्या. या कामाचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ज्या कष्टकरी कुटुंबांचीं बिऱ्हाडें रस्त्याच्या रेषेंत आलीं, त्यांना नव्या वसाहतींचें भाडें परवडण्यासारखें नव्हतें, आणि कामाच्या ठिकाणापासून दूर जाणेंहि सोयीचें नव्हतें. त्यांतील पुष्कळ जण शेजारच्याच चाळींत शिरले, आणि जी दाटी मोडावयाची, ती दुसऱ्या गल्लींत वाढली. वारा एकाच्या खिडकींत आला, त्याची किंमत दुसऱ्यानें दिली.

यावर कोणी म्हणेल कीं, थोड्यांचें नुकसान झाल्यावांचून पुष्कळांचें कल्याण होत नाहीं. उपयुक्ततावाद्यांचा हा युक्तिवाद सर्वस्वीं खोटा नाहीं. त्या काळोख्या खोल्या जशाच्या तशा राहूं देणें हीहि निष्ठुरताच ठरली असती. कांहींच न मोडणारा नगररचनाकार निर्दोष असतो असें नव्हे. पण हा हिशेब प्रामाणिक राहण्यास एक अट आहे. वजाबाकी दर वेळीं त्याच घरची असतां कामा नये. 'पुष्कळ' नेहमीं तेच आणि 'थोडे'हि नेहमीं तेच असले, तर त्याला हित म्हणणें ही शब्दांची फसवणूक होय.

पुढें हाच पेंच सर्वोच्च न्यायालयापुढें आला. १९८१ सालीं मुंबईच्या पदपथांवरील बिऱ्हाडें हटविण्यास आरंभ झाला. त्यासंबंधींच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ सालीं लागला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कांत अंतर्भूत आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. मात्र पदपथ चालणारांसाठीं आहे, तो अडवून राहण्याचा हक्क कोणास नाहीं, असेंहि ठरविलें. पावसाळा सरून ऑक्टोबर संपेपर्यंत कोणास उठवूं नये, आणि १९७६ च्या गणनेंत ज्यांची नोंद झाली त्यांना पर्यायी जागा द्यावी, असें सांगितलें. चालणारा आणि निजणारा अशा दोघांचेंहि म्हणणें तेथें ऐकलें गेलें, हें विशेष. तथापि ज्यांची नोंदच झाली नव्हती, त्यांनीं नोव्हेंबरांत कोठें जावयाचें? मोजला न गेलेला माणूस हिताच्या हिशेबांतूनहि गळतो.

मग मोडावें तरी कसें? मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस यांची शिकवण येथें उपयोगी पडते. जुनी वस्ती सरसकट पाडूं नये. आधीं तींत हिंडून तिची प्रकृति पाहावी, आणि कुशल शस्त्रवैद्याप्रमाणें अवश्य तेवढेंच कापावें, असें त्यांचें मत होतें. या रीतीनें खर्च वांचतो, परंतु तो लाभ मला गौण वाटतो. गल्लींतून पायीं हिंडणाऱ्याला माणसें भेटतात. नकाशावर वांकलेल्याला केवळ जमीन दिसते.

म्हणून रस्त्याच्या रेषेखालीं येणाऱ्या घरांतील माणूस उद्यां कोठें निजणार, आणि कामावर कसा पोंचणार, हें ज्या आराखड्यांत लिहिलेलें नाहीं, तो कितीहि सुबक असला तरी अपुरा समजावा, असें मला वर्षाअखेर वाटतें.