कडी आणि किल्ली

बँकेत वीस वर्षं कारकुनी केली की माणसावरचा विश्वास उडतो. सहीवर उरतो, तोही जुळली तर! अशा माणसाने अनोळखी घरी मुक्काम करू नये. पण रात्री साडेनऊला गुहागरच्या स्टँडवर उतरलो, तर लॉजवाल्याने आमची खोली दुसऱ्यालाच देऊन टाकलेली. तेवढ्यात लेंगा-सदऱ्यातले एक काका म्हणाले, "आमच्याकडे चला. एक खोली रिकामीच आहे."

मी आधार कार्ड पुढे केलं.

"ते ठेवा हो. जेवायचं राहिलंय का, ते सांगा."

केवायसीच्या फॉर्मात हा प्रश्न नसतो. मला संशय आला. कागद न बघता माणूस घरात घेणारा एक तर भोळा, नाही तर भामटा!

कुळथाचं पिठलं आणि भात जेवताना संशय बाजूला ठेवला. झोपताना परत घेतला. पाकीट उशीच्या अभ्र्यात कोंबलं, मधल्या दाराला कडी घातली आणि वर टेबल सरकवलं. इतक्यात पलीकडूनही काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

सकाळी चहा देताना काकू हसत म्हणाल्या, "तुमचं टेबल ऐकलं, मग आम्हीही कपाट लावलं दाराला. हे कोणाला घेऊन येतील, नेम नाही!"

म्हणजे एका दाराच्या दोन बाजूंना दोन सज्जन कुटुंबं एकमेकांना भिऊन झोपली होती! माझ्यावर संशय? मला रागच आला. मग लक्षात आलं, रागवायचा पहिला हक्क काकांचा होता.

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं परवडेना, म्हणून त्यांनी हवा भरायच्या गाद्या टाकून तीन परके पाहुणे ठेवले. त्यांतला एक आपल्या भारतातला. त्यातून 'एअरबीएनबी' उभी राहिली. पुढे २०११ मध्ये एका पाहुण्याने यजमानाच्या घराची नासधूस केली, तेव्हा कंपनीने पन्नास हजार डॉलरची हमी जाहीर केली. म्हणजे विश्वासालाही शेवटी जामीन लागलाच.

मग सावधगिरी हा अपमान म्हणायचा का? आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. म्हणून ते दोघे काही एकमेकांना चोर समजत नाहीत. डबाही एकत्र खातात. रात्री कडी घालायला हरकत नाही. सकाळी ती काढता आली पाहिजे, इतकंच.

काकांना ती काढता येत होती. लग्नाला निघताना म्हणाले, "आम्ही पुढे होतो. कुलूप लावून किल्ली तुळशीपाशी ठेवा."

अख्खं घर माझ्यावर! कुलूप तीनदा ओढून पाहिलं. स्टँडवरून परत येऊन चौथ्यांदा ओढलं. त्यात एस.टी. चुकली.

प्रवासात खर्च हिच्या पर्समधून होतो. माझं पाकीट नुसतं सांभाळायला असतं. त्यामुळे ते अभ्र्यातच राहिल्याचं रात्री काकांचा फोन आल्यावर कळलं.

"आधार कार्ड आज पाहिलं हो. फोटो काही तुमच्यासारखा वाटत नाही," काका म्हणाले. "आत पैसे आहेत. मोजून सांगू?"

"नको," मी म्हणालो.

वीस वर्षांच्या नोकरीत रोकड मोजायला मी पहिल्यांदाच नको म्हटलं.